वजनाची झोळी

झोळी म्हणावी तर पायांसाठी दोन भोकं,
चड्डी म्हणावी तर वर तीन बंद, आकड्यात अडकवायला.
अशा पाच होत्या. चार
दवाखान्याच्या कपाटाबरोबर जळल्या.
पाचवी त्या रात्री दोरीवर वाळत होती, म्हणून राहिली.
निळी. म्हणजे निळी म्हणायची, इतकंच.

दर बुधवारी मी निलगिरीच्या फांदीला काटा टांगतो.
सिस्टर फिलोमेन बाळ उचलते, पाय भोकांत घालते,
काटा थरथरून थांबला की मी वहीत लिहितो:
सहा किलो दोनशे. पाच किलो नऊशे.
दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते तिनंच शिकवलं,
मोडक्या दाराच्या फळीवर,
खडू नव्हता तेव्हा कसाव्याच्या वाळक्या तुकड्यानं.
मी चौदा वर्षांचा होतो आणि मला
एवढंच मोजता येत होतं:
आमचे किती गेले, त्यांचे किती.

मार्चपासून डोंगराच्या दोन्ही अंगांच्या बाया येऊ लागल्या.
वरून गुरंवाल्यांच्या, खालून आम्हां कुदळवाल्यांच्या.
मधे पायवाट. वाटेवर कोणी बसत नव्हतं.
पहिल्याच बुधवारी
लोत्सोव्हेचं पोर झोळीतून नुकतं काढलं होतं.
कबाहुमानं ते पाहिलं आणि म्हणाली,
ह्यात नाही.
ओरडली नाही. बाळ छातीशी धरून उभी राहिली.

मला वाटलं, आता सिस्टर येशूचं काहीतरी सांगणार.
विहिरीवरची बाई, नाहीतर दुसरा गाल.
तिनं बादली मागितली.
झोळी धुतली, पिळली, दोरीवर टाकली
आणि पायरीवर बसून घेवडा निवडायला घेतला.
"वाळली की बघू."

डोंगरावरचं ऊन आळशी. तास गेला.
पुढची बाई खालची. तिनं विचारलं, आधी कोण होतं?
पुन्हा बादली.

त्या दिवशी चाळीसांतली सात बाळं तोलून झाली.
पुढच्या बुधवारी नऊ.
सावली एकाच झाडाची; ती सरकली तशा बाया सरकल्या.
कुणाचं पोर कुणाच्या पायावर मुतलं.
कुणीतरी, कुणाकडेही न बघता, विचारलं,
हा रात्रीचा खोकतो का गं?
उत्तर आलं नाही.
मग बऱ्याच वेळानं आलं.

मी सिस्टरला म्हणालो, बुनियाहून कापड मागवू,
दुसरी शिवू. एक त्यांना, एक आम्हांला.
माझा हिशेब मला चोख वाटला होता.
"कापड आलंय, लोसा," ती म्हणाली.
"सोमवारीच आलं."
आणि घेवड्यातला खडा काढून तिनं लांब फेकला.

जूनमधल्या एका दुपारी ढग डोंगरावरच बसले,
दोरीवर काही वाळेना.
कबाहुमाचं बाळ तापानं फणफणलेलं,
अंधाराआधी तिला वर पोचायचं होतं.
झोळी अजून दुसऱ्या पोराच्या अंगानं गरम.
सिस्टरनं बादलीकडे हात नेला.
"राहू दे," कबाहुमा म्हणाली. "ओली बाधेल त्याला."

बस. समेट झाला असं कुणी कुठे लिहिलं नाही.
मी लिहिलं: पाच किलो चारशे.
पिवळी पट्टी. शेंगदाण्याच्या लगद्याच्या चौदा पुड्या.

ऑगस्टात खालच्या गावांत पुन्हा गोळ्या चालल्या.
शाळा अकरा दिवस बंद.
लोत्सोव्हे त्यानंतर आलेली नाही.
तिच्या पोराच्या नावापुढच्या चौकटी मी रिकाम्या ठेवल्यात,
रेघ मारलेली नाही.
रात्री सिस्टर चॅपेलमध्ये एकटीच बसते,
ओठ हलतात. प्रार्थना करते की मोजते,
मी विचारलं नाही.

झोळीचा एक बंद उसवला होता, तो कुणीतरी शिवलाय,
तांबड्या दोऱ्यानं. आमच्याकडे असा दोरा नसतो.

पहिलं बाळ घालण्याआधी झोळी रिकामी टांगून बघायची असते,
तिचं स्वतःचं वजन वजा करावं लागतं.
कोरडी असेल तर नव्वद ग्रॅम.
ओलीचं मी कधी घेतलं नाही.